साडेचार तासांचा खळगा : नागपुरातल्या एका ‘दुसऱ्या पृथ्वी’चं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच गटाचं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं घेतलेली नाहीत आणि ताऱ्याचा क्रमांकही दिलेला नाही. चुकांमध्ये मात्र काही बदललेलं नाही.

पार्श्वभूमी

आम्ही चौघं. मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवतो. बँकेतून निवृत्त झालेले काका हे दुर्बिणीचे मालक. आठ इंची आरसा त्यांनी स्वतः घासलाय, त्यामुळे दुर्बिणीला कोणी हात लावला की त्यांचा श्वास अडकतो. आयटी पार्कात नोकरी करणारा एक मुलगा आहे, त्याला सगळे दादा म्हणतात. चौथी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिच्या प्रकल्पाचा विषय होता लहान, थंड ताऱ्यांभोवतीचे ग्रह. दर रविवारी सकाळी तर्री-पोहे खायचे, मग प्रतापनगरातल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत बसायचं, असा आमचा क्रम.

विषय तिनं विचार करून निवडला होता. सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर सूर्याचा उजेड दहा लाखात फक्त ८४ भागांनी कमी होतो. हौशी माणसानं त्या नादी लागू नये. पण तारा सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढाच असेल तर पृथ्वीएवढाच ग्रह त्याचा अर्ध्या टक्क्याहून जास्त उजेड अडवतो. ट्रॅपिस्ट-१ हा कुंभ राशीतला, सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा तारा असाच आहे. त्याचे पहिले तीन ग्रह २०१६ मध्ये जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये आकडा सातवर गेला. सुरुवात झाली होती चिलीतल्या अवघ्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीनं. शिवाय असे तारे मंद असल्यानं त्यांची ऊबही जवळच संपते. पाणी द्रवरूपात राहू शकेल असा पट्टा ताऱ्याला चिकटूनच असतो आणि तिथल्या ग्रहाचं वर्ष काही दिवसांचं किंवा काही आठवड्यांचं. म्हणजे तोच खळगा, ताऱ्याच्या उजेडातली तीच तात्पुरती घट, पुन्हा पाहायला वर्षभर थांबावं लागत नाही. आपल्या दीर्घिकेतले साधारण तीन चतुर्थांश तारे या लाल बटूंच्या जातीचे आहेत, आणि तरी त्यातला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमासुद्धा नाही.

निरीक्षणं आम्ही नासाच्या टेस उपग्रहाची वापरत होतो. २०१८ पासून तो आकाशाचा एकेक पट्टा साधारण २७ दिवस टक लावून पाहतो, आणि त्याची माहिती कोणालाही फुकट मिळते. त्याच्या चार कॅमेऱ्यांची भिंगं प्रत्येकी साडेदहा सेंटिमीटरची. “माझा आरसा नासापेक्षा मोठा आहे,” हे काकांचं वाक्य आम्ही किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. पण टेसच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा २१ विकला रुंद तुकडा व्यापतो. (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग.) त्या तुकड्यात जे काही चमकत असेल त्याचा उजेड एकाच डब्यात जमा होतो. आम्हाला हे माहीत होतं. मीच ते वर्गात शिकवतो.

डिसेंबरात विद्यार्थिनीला सप्तर्षीच्या भागातल्या एका लाल बटूच्या उजेडात खळगे दिसले. तीन पट्ट्यांच्या निरीक्षणांत मिळून चार खळगे, त्यातला एक माहिती तुटल्यामुळे अर्धवट. दोन खळग्यांमधलं अंतर साधारण १७.६ दिवस, खोली ०.३५ टक्के. तारा सूर्याच्या २४ टक्के आकाराचा, तापमान ३,२०० केल्विनच्या आसपास. गणित केल्यावर ग्रह पृथ्वीच्या दीडपट निघाला आणि त्याला मिळणारी ऊब पृथ्वीला मिळते त्याच्या सुमारे ८५ टक्के. म्हणजे पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा पट्ट्यात बरोबर. दादानं आकडे दोनदा तपासले. काका नेहमी खूप बोलतात, त्या दिवशी काही बोलले नाहीत.

अडचण

आकाशातली अडचण नंतर आली. आधीची जमिनीवरची होती.

आनंदाच्या भरात विद्यार्थिनीनं विभागप्रमुखांना सांगितलं. ते स्वाभाविकच होतं, प्रकल्प त्यांच्या सहीनंच जायचा होता. प्रमुखांनी प्राचार्यांना सांगितलं आणि दोन दिवसांत गेटवर लावायला फ्लेक्स छापून आला. मध्यभागी तिचा फोटो, मागे निळा-हिरवा गोळा, वर ‘हार्दिक अभिनंदन’. महाविद्यालयाच्या पानावर मजकूर पडला की नागपूरच्या कन्येनं शोधली दुसरी पृथ्वी. संध्याकाळपर्यंत तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरही फिरत होता. शेजारचे काकाजी जिन्यात भेटले. म्हणाले, “काय सर, दुसरी पृथ्वी भेटली म्हणते! तिथं प्लॉट कसे चालून राहिले?”

हसलो मी, पण हा विनोद आमच्याच शब्दामुळे झाला होता. आम्ही सगळीकडे ‘वस्तीयोग्य पट्टा’ म्हणत होतो, आणि वर्धा रोडला रोज नवा ले-आउट पाडणाऱ्या शहरात ‘वस्तीयोग्य’चा अर्थ एकच होतो. खगोलशास्त्रात त्या शब्दाचा अर्थ इतकाच की हवा असली आणि ती योग्य प्रमाणात असली, तर पृष्ठभागावर पाणी वाहू शकेल. हवा आहे की नाही हे वेगळं. ट्रॅपिस्ट-१ च्या सर्वांत आतल्या ग्रहावर दाट हवेची खूण नाही असं जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून २०२३ मध्ये दिसलं. लाल बटू तरुणपणी उसळत असतात, त्यांच्या ज्वाळांनी ग्रहाची हवा उडून जाऊ शकते. इतक्या जवळचा ग्रह एकच तोंड ताऱ्याकडे धरून राहण्याची शक्यताही मोठी. यातलं एक अक्षरही फ्लेक्सवर नव्हतं. फ्लेक्सवर ते मावलंही नसतं.

तिसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराचा मला फोन आला.

समोरचे पर्याय

त्या रात्री चौघं बसलो. पहिला पर्याय सोपा होता, बातमी येऊ द्यायची. वार्ताहर ‘शक्यता’ असा शब्द घालायला तयार होता. विद्यार्थिनीला पुढे पीएच.डी.ला प्रवेश हवा होता आणि बातमीचा उपयोग झाला असता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दादाचा कल तिकडेच होता. “चूक निघाली तर नंतर सांगू ना. मोठे मोठे लोक चुकतात.”

त्यात तथ्य होतं. २०१० मध्ये ग्लीझ ५८१ या लाल बटूभोवती पट्ट्यात बसणारा ग्रह जाहीर झाला, जगभर मथळे आले. पुढच्या मोजमापांत तो टिकला नाही. २०१४ च्या विश्लेषणानं तो ताऱ्याच्याच चुंबकीय खळबळीचा भास ठरवला. पण ते संशोधक मुरलेले होते, त्यांच्यामागे संस्था होत्या, त्यांचं पुढचं काम थांबलं नाही. तेवीस वर्षांच्या मुलीचं नाव पहिल्यांदा छापून येणार ते याच गोष्टीसाठी, आणि तीच खोटी निघाली तर? मी विरोध केला, जरा चढ्या आवाजातच.

दुसरा पर्याय होता टेसच्या मागावर असलेले लोक जिथे संशयित ग्रहांच्या नोंदी टाकतात तिथे आपलीही नोंद टाकायची. तिसरा, पुण्यातल्या एका जाणकारांना सगळं पाठवायचं आणि मोठ्या दुर्बिणीचा वेळ मिळतो का पाहायचं. काकांनी त्यावर वाजवी प्रश्न विचारला, आपण स्वतः काय तपासलं असं त्यांनी विचारलं तर काय सांगणार? उत्तर असं होतं की फारसं काही नाही.

चौथा पर्याय काकांचाच. जानेवारी-फेब्रुवारीत सप्तर्षी रात्री छान वर असतात. शहराबाहेर जाऊन आपणच पाहू. त्यांच्या आरशानं ०.३५ टक्क्यांचा खळगा मोजता येईल का? लाल बटू दृश्य प्रकाशात इतका मंद की येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांना बटू पाहायचाच नव्हता. “त्याच्या शेजारी कोण राहते ते पाहू.”

मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा विचार वाटतो. टेसच्या डब्यात सगळ्यांचा उजेड एकत्र असतो. शेजारचा एखादा मंद तारा हा एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी असेल, तर तिच्यातलं मोठं ग्रहण बटूच्या उजेडात मिसळून छोट्या खळग्यासारखं दिसतं. ग्रह सिद्ध करायला मोठी दुर्बीण लागते. शेजारी खोडसाळ आहे हे सिद्ध करायला आठ इंच पुरतात.

काय केलं

सर्वांत आधी फोन. वार्ताहराला सांगितलं की ही बातमी नाही, तपासणी चालू आहे. तो नाराज झाला, पण त्यानं शब्द पाळला आणि काही छापलं नाही. विभागप्रमुखांकडे मी स्वतः गेलो. पानावरचा मजकूर उतरला. फ्लेक्स गेटवरून निघाला आणि गुंडाळी होऊन माझ्या स्कूटरवर घरी आला, कारण तो ठेवायचा कुठे हे महाविद्यालयात कोणालाच सुचेना.

मग शेजाऱ्यांची यादी. युरोपच्या गाया उपग्रहाच्या नकाशातून बटूपासून एका कलेच्या, म्हणजे ६० विकलांच्या, आतले पाच तारे मिळाले. त्यातले तीन इतके मंद की पूर्ण विझले तरी ०.३५ टक्के खळगा पडला नसता, त्यांना सोडलं. उरले दोन. त्यातला एक अवघ्या १५ विकलांवर, म्हणजे टेसच्या एका पिक्सेलपेक्षा कमी अंतरावर, आणि बटूच्या सुमारे सोळापट मंद. एवढ्या मंद शेजाऱ्यानं खळगा पाडायचा तर त्याचा स्वतःचा उजेड सहा टक्क्यांनी कमी व्हायला हवा. सहा टक्के काकांच्या आवाक्यात होते. खळग्याच्या वेळची आणि इतर वेळची चित्रं वजा केल्यावर कमी झालेल्या उजेडाचं केंद्र पाऊण पिक्सेल सरकलेलं दिसलं, शेजाऱ्याच्याच बाजूला. तरी आम्ही ‘गोंगाट असेल’ म्हणालो. माणसाला जे नको असतं त्याला तो गोंगाट म्हणतो.

खरी गोष्ट पुढच्या रविवारी पोह्यांच्या ठेल्यावर निघाली, तीही अपघातानं. पेंचला किती वाजता पोचायचं, कॅमेरा कधी सुरू करायचा याचा हिशोब दादा मोबाइलवर करत होता. त्यासाठी खळगा किती वेळ चालतो ते हवं होतं. विद्यार्थिनी म्हणाली, “आलेखात शून्य पूर्णांक एकोणीस आहे ना.” दिवस. दादानं २४ नं गुणलं आणि चमचा खाली ठेवला.

“साडेचार तास होऊन राहिले, सर.”

ते ऐकून माझ्या घशाशी तर्री आली. सूर्याच्या २४ टक्के आकाराचा तारा, १७.६ दिवसांची कक्षा. असा ग्रह ताऱ्याच्या अगदी मधून गेला तरी दोन तासांच्या आत पलीकडे निघतो. लहान तारा ओलांडायला वेळ लागतोच किती? साडेचार तासांचा खळगा सांगत होता की जे झाकलं जातंय ते लहान नाही. महिनाभर आमच्या चौघांच्या डोळ्यांसमोर तो आलेख होता. आडव्या अक्षावर दिवस होते, ०.१९ हा आकडा बारीक दिसत होता, आणि कोणी त्याचे तास केले नव्हते. खोलीवरून ग्रहाचा आकार काढायची आम्हाला इतकी घाई होती की रुंदीकडे पाहिलंच नाही.

तरी शंका फिटेपर्यंत पाहायचं ठरलं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क असा दर्जा मिळाला. आम्ही त्याच्या कडेच्या एका गावात, ओळखीच्या शेतकऱ्याच्या धान निघालेल्या बांधीत दुर्बीण लावली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री पावणेदोनच्या सुमारास खळग्याचा मध्य अपेक्षित होता. टेसची निरीक्षणं जुनी, त्यामुळे वेळ दोन तास इकडेतिकडे होऊ शकत होती. अकराला आभाळ भरून आलं आणि बाराला अवकाळीचे थेंब. काकांनी आरशावर आधी स्वतःचं स्वेटर टाकलं, मग स्वतःकडे पाहिलं.

१७.६ दिवसांच्या चक्राची गंमत अशी की पुढचे दोन खळगे नागपूरच्या दिवसाउजेडी आणि पहाटे फटफटताना पडणार होते. रात्रीचा पुढचा मोका ५३ दिवसांनी, मार्चच्या शेवटी. त्यानंतर उन्हाळा. चाळिशीपार दिवस, तापलेल्या रात्री, कॅमेऱ्याचा चिप गरम होऊन चित्रभर ठिपके, आणि मग थेट पावसाळा. म्हणजे मोका एकच. मार्चमध्ये फ्लेक्स सोबत नेला. छापील बाजू खाली, पांढरी वर, त्यावर तिपाई आणि आम्ही. विद्यार्थिनीनं तो पसरताना स्वतःचा फोटो पाहिला आणि म्हणाली, “मी मातीत चांगली दिसते.” त्या तीन महिन्यांत ती पहिल्यांदा त्या फ्लेक्सबद्दल बोलली.

अंधार पडेपर्यंत पावणेआठ झाले, अर्धा खळगा संधिप्रकाशातच गेला होता. पण उरलेला अर्धा पुरला. बटू शांत. पाचातला दुसरा संशयित शांत. १५ विकलांवरचा शेजारी मात्र सुरुवातीला सुमारे सहा टक्क्यांनी मंद, आणि तिरक्या सरळ रेषेत उजळत जाऊन दहाच्या सुमारास जागेवर आला. तळ सपाट नव्हता, उभट व्ही होता. दोन मोठे तारे एकमेकांना कडेनं घासून जातात तेव्हा असंच दिसतं.

काय निघालं

ग्रह नव्हता. सूर्याच्या जवळपास आकाराच्या दोन ताऱ्यांची जोडी होती, बटूशी तिचा काहीही संबंध नाही, फक्त नजरेच्या रेषेत ती शेजारी.

पण सर्वांत टोचलं ते एप्रिलमध्ये. अहवाल लिहिताना विद्यार्थिनीनं गायाची तिसरी माहिती-प्रत पुन्हा चाळली. जून २०२२ मध्ये आलेल्या त्या प्रतीत झाकणाऱ्या जोड्यांच्या सुमारे २१ लाख ८४ हजार उमेदवारांची स्वतंत्र यादी आहे. आमचा शेजारी त्यात होता. आम्ही ताऱ्यांच्या जागा त्याच नकाशातून घेतल्या होत्या, फक्त बाजूचा तक्ता उघडला नव्हता.

तिनं प्रकल्प बदलला नाही, नाव बदललं. ग्रहाचा शोध या शीर्षकाऐवजी फसव्या खळग्यांची छाननी. मे महिन्यात तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला आलेख पाहून पहिलाच प्रश्न विचारला की हे किती तास चालतं. तिनं सांगितलं. “मग तारा लहान कसा?” “नाहीच आहे, सर.” गुण चांगले पडले.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा करू. आधी तारा, मग ग्रह. टेसच्याच टीओआय-७०० चं उदाहरण आता मी वर्गात देतो. तो लाल बटू सुरुवातीला नोंदीत सूर्यासारखा मोठा धरला गेला होता, त्यामुळे त्याचे ग्रहही मोठे आणि तापलेले वाटत होते. चूक ज्यांनी पकडली त्यांत शाळेत शिकणारा एक मुलगाही होता. ताऱ्याचा आकार दुरुस्त झाला आणि ३७ दिवसांत फिरणारा ग्रह पृथ्वीएवढा व पट्ट्यातला निघाला. ते जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं. तिथे तारा मोजल्यावर ग्रह सापडला, आमच्याकडे ग्रह गेला. मोजायचं मात्र तेच होतं.

म्हणून आता खळगा दिसला की पहिल्या पानावर एकच आकडा लिहितो, तासांत. मग शेजारी, मग गायाचे सगळे तक्ते. ही कामं एका दुपारची आहेत.

कोणाला कधी सांगायचं यावर मात्र आमचं एकमत नाही. मला वाटतं चूक विद्यार्थिनीची नव्हती. मार्गदर्शकासारखा वावरणारा मीच, आणि प्रमुखांशी बोलायला मी तिच्यासोबत जायला हवं होतं. ‘संशयित’ हा शब्द त्यांना माझ्या तोंडून कळायला हवा होता. ती स्वतः म्हणते की फ्लेक्स नसता तर आपण इतक्या तातडीनं तपासलंच नसतं, निवांत पुढच्या हिवाळ्यापर्यंत खुश राहिलो असतो. हे मला खोडून काढता आलेलं नाही. दादाला अजूनही वाटतं की नोंद डिसेंबरातच टाकली असती तर कोणीतरी परदेशातून दोन दिवसांत गायाचा तक्ता दाखवला असता, आणि तेही खरं असू शकतं.

काकांचं म्हणणं वेगळंच. तक्ता आधी उघडला असता तर पेंचच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. पेट्रोलचा हिशोब त्यांनी वहीत लिहून ठेवलाय, चौघांत भागून. माझा वाटा द्यायचा राहिलाय.